काटा प्लसला

"मानसिंग, तुझ्या वैनीचा सोमवार चुकू देऊ नगंस. आन् तिला डिझेलचा धूर सोसत न्हाई, तेवढं बघ."

थोरल्या भावाचं हे अखेरचं सांगणं. निवृत्त सुभेदार मानसिंगनं फौजेतही एवढा कडक हुकूम ऐकला नव्हता. शालूबाई दर सोमवारी कृष्णेपल्याडच्या महादेवाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नसत आणि आकारामची डिझेलची नाव त्यांना काठापर्यंत खोकायला लावी. म्हणून मानसिंगनं स्वतःची नाव घेतली, तिला बॅटरी आणि विजेची मोटार बसवली. राहिलं फक्त करंट मोजायचं मीटर.

ते आणायला तो कराडात वसीमच्या दुकानी गेला.

"पंपाच्या पेटीतलं दे की. सवयीचं हाय."

"ते एसीचं, काका. बॅटरीला डीसीचं लागतं. ह्ये आकड्याचं घ्या. करंट किती जातोय, बॅटरी किती उरली, समदं दावतंय."

"आकडं वाचत बसू का नदी बघू?" मानसिंगची नजर कोपऱ्यातल्या काट्याच्या मीटरवर गेली. मध्ये शून्य, उजवीकडं प्लस, डावीकडं मायनस. "ह्ये दे. वळखीचं हाय."

"ट्रॅक्टरचं हाय ते."

"मग मी कोन हाय? ट्रॅक्टरवालाच की."

नावेची पूजा झाली, नारळ फुटला, मोटार सुरू झाली आणि काटा डावीकडं गेला. करंट बॅटरीतून बाहेर चालला होता, तेव्हा त्यानं तिकडंच जायला हवं होतं. पण काठावर आकाराम बसला होता.

"सुभेदार, पयल्याच दिशी मायनस? वैनीस्नी ह्यात बशिवनार व्हय?"

मानसिंगला ते लागलं. त्यानं मीटरमागच्या दोन तारांची अदलाबदल केली. काटा प्लसला गेला.

"म्हंजे नाव चालंल तशी बॅटरी भरती जनू," कुणीतरी म्हणालं.

"दिसतंय न्हवं," मानसिंग मिशीत हसला.

हेच त्यानं मग चहाच्या टपरीवर सांगितलं, उंब्रजच्या पाहुण्यांत सांगितलं. पुष्कळदा सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्यालाच आधी पटते. पुढं पुढं बॅटरी चार्जिंगला लावायचंही त्याच्या ध्यानात राहीना.

सोमवारी नाव अलगद निघाली. धूर नाही, धडधड नाही. शालूबाईंनी बेलाची परडी मांडीवर घेतली.

"आज तुमचे दादा असते तर..." त्या एवढंच म्हणाल्या.

मानसिंगला भरून आलं. त्या भरात त्यानं वहिनींना वरच्या डोहापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं. काटा प्लसलाच होता. डोहावरून देवळाकडं परतताना, पात्राच्या मधोमध, मोटार गप्प झाली.

"काटा मधी आला, भावजी."

"व्हय."

"म्हंजे काय?"

"म्हंजे... जमाखर्च बरूबर."

नाव आडवी वाहू लागली. वल्हं घरी होतं. आपोआप भरणाऱ्या नावेला वल्हं कशाला? शालूबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत राहिले.

शेवटी आकारामची नाव आली. "प्लसला हाय न्हवं, सुभेदार? मग धरा दोर."

पुढच्या नावेचा सगळा धूर मागच्या नावेत येत होता. शालूबाई पदरात खोकत होत्या आणि मानसिंग माशा हाकलाव्यात तसा टॉवेलनं धूर हाकलत होता. देवळाच्या पायरीला लागेपर्यंत त्याला त्यांच्याकडं बघवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं वसीमकडून आकड्यांचं मीटर आणलं. तारा नीट लावल्या. पुढच्या सोमवारी नाव सज्ज ठेवून तो घाटावर उभा राहिला. शालूबाई आल्या, पण घाट उतरल्या नाहीत. रस्त्यानं सरळ निघाल्या.

"वैनी, ह्ये मीटर खरं बोलतंय. बॅटरी भरल्याली हाय. वल्हं बी घेतलंय."

"ठावं हाय. पर तवा पान्यात देवाला बोलले, काठाला लाव, वरीसभर पुलावरनं अनवानी चालत येईन."

पूल लांब होता. मानसिंग त्यांच्या गुडघ्यांकडं बघत राहिला.

"आन् गुडघं?"

"त्यांस्नी इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बघा."

"फटफटीवर सोडू का?"

"चालत म्हनले, भावजी."

"माजं चुकलं, वैनी."

"आसू द्या. ऊन व्हायच्या आत जाऊ द्या मला."

त्या पदर खोचून पुलाच्या वाटेला लागल्या, एकेक पाऊल जपून टाकत. मानसिंगनं नाव बांधली, चपला काढून नावेत ठेवल्या आणि थोडं अंतर राखून तोही मागोमाग निघाला.