गोमाजी सांबराची सरकारी सूज

एका जंगलात, म्हणजे झाडं कमी आणि कार्यालयं जास्त अशा एका जंगलात, अनसूया नावाची चिचुंद्री राहत होती. हसू नका रे मागचे. चिचुंद्रीलाही नाव असतं.

ही अनसूया संशोधक होती. बालपण सगळं मोरीत गेलेलं. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, हे तिला न शिकवता कळायचं. मोठेपणी तिनं अंगातल्या मोऱ्यांचा अभ्यास धरला. होय, आपल्या अंगातही मोऱ्या असतात. रक्ताच्या नळ्या लाल, दिमाखदार, त्या सगळ्यांना माहीत. त्यांच्या शेजारून बारीक, बिनरंगी नळ्या जातात. त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम मोरीचंच. मांसात साचलेलं पाणी त्या वर वाहून नेतात. तुंबेपर्यंत त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

तर त्या तुंबल्या गोमाजी सांबराच्या.

गोमाजीच्या मागच्या उजव्या पायात बाभळीचा काटा गेला. काटा निघाला, जखम भरली, पण सूज काही उतरेना. पाय केळीच्या खुंटाएवढा झाला. त्यात दिवस वाईट. पळस फुलला की सांबरांचा कळप नदी ओलांडून पलीकडच्या कुरणात जाई. जो मागे राही, त्याची विचारपूस करायला बिबट्या येई. आणि पळसाला कळ्या धरल्या होत्या.

अनसूया ज्या सूज संशोधन संस्थेत काम करी, तिचे संचालक होते डॉक्टर बगळे. पांढरा कोट जन्मजात. तळ्यात एका पायावर उभे राहत, डोळे अर्धे मिटून. लोक म्हणत, केवढं चिंतन! कशाचं चिंतन, ते बेडकांना विचारा.

संस्थेत खुर्च्या पुष्कळ होत्या, पण सूज एकच, गोमाजीची. हेडक्लार्क कासवानं ती नोंदवहीत चढवली होती : 'सूज, नग एक, सांबराच्या पायासह.' पाहुणे आले की गोमाजीला उभं करत. दर सोमवारी वेलीनं माप घेत. रानरेड्यानं एकदा खालून जोर लावून दाबून पाहिलं होतं. गोमाजी तीन दिवस विव्हळत होता.

अनसूयेनं दाबलं नाही. तिनं साळिंदराचा काटा घेतला, गोमाजीच्या खुराजवळ कातडीखाली रानातल्या निळीचा थेंब सोडला आणि पाहत बसली. निळी रेघ घोट्यावरून वर निघाली. गुडघ्यापाशी आली आणि थांबली ती थांबलीच.

"गोमाजी, तुमच्या अंगात पांढरे शिपाई आहेत," अनसूया म्हणाली.

"माझ्या अंगात? मला न विचारता?"

"सगळ्यांच्याच असतात. काटा घुसला की ते धावून येतात, मारामारी करतात. मग त्यांतल्या काहींनी या मोरीतून वर जांघेतल्या चौकीवर जायचं आणि वर्दी द्यायची. तुमची वाट गुडघ्यापाशी बुजलीय. नवे येताहेत, जुने निघत नाहीत, पाणी साचतंय. शत्रू कधीच मेला. आता आत नुसता आपल्याच शिपायांचा धिंगाणा चाललाय."

गोमाजीनं थोडा विचार केला. "आपलेच लोक, काम संपलेलं, आणि तरी हलत नाहीत? संस्थेतून आलेले दिसतात."

"यावर उपाय आहे," अनसूया म्हणाली. "आधी वरची वाट मोकळी करायची, जांघेपाशी. मग मांडी, मग गुडघा, पाऊल शेवटी. पिसानं, अगदी हलक्या हातानं. वर सालीची पट्टी. पंधरा दिवसांत नदी ओलांडाल."

आणि इथंच, मुलांनो, अनसूयेची चूक झाली. तिनं परवानगी मागितली.

"अर्ज योग्य मार्गानं यायला हवा, बाई," कासव म्हणालं.

"योग्य मार्ग कोणता?"

"माझ्या पाठीवरून."

अर्ज पाठीवर घेऊन कासव तळ्याकडे निघालं. पोचायला आठ दिवस लागले. तिथं समिती बसली. घोरपडीनं विचारलं, 'मोरी' या शब्दाला शास्त्रीय आधार काय? एकदा धरलेला मुद्दा ती सोडत नसे, म्हणूनच ती समितीत होती. घुबडानं झोपेत 'असहमत' म्हटलं. प्रत्येकानं फायलीला एकेक कागद जोडला. फाईल टम्म फुगली.

शेवटी गोमाजी स्वतः लंगडत आला. "अहो, पाय माझा आहे. मी देतो ना परवानगी!"

डॉक्टर बगळ्यांनी एक डोळा उघडला. "रुग्णाला स्वतःच्या पायाबद्दल निर्णय घेता येत नाही. त्यात त्याचा स्वार्थ असतो. कासव, नियम लिहून घ्या. आणि लवकर उरका."

कासवानं लिहून घेतलं. नियम एकेचाळीस.

"सर, पळस फुलायला आलाय," अनसूया काकुळतीला आली.

"फुलू द्या. समितीचा फुलांना विरोध नाही."

अनसूयेनं समितीकडे पाहिलं. सगळे येत होते, कुणी निघत नव्हतं, आणि कुठेही वर्दी पोचत नव्हती. हे तिनं गोमाजीच्या गुडघ्यापाशी पाहिलं होतं. तिला असा संताप आला म्हणता! जीव मुठीएवढा, संताप रानरेड्याएवढा.

दुसऱ्या दिवसापासून, समिती दुपारची वामकुक्षी घेई तेव्हा, अनसूया मोराचं गळलेलं पीस घेऊन गोमाजीकडे जाऊ लागली. आधी जांघ, मग मांडी, मग गुडघा. कुणाला पत्ता लागला नाही, कारण सोमवारचं माप कासव मागच्या सोमवारचं पाहूनच लिहीत असे. सहाव्या दिवशी निळी रेघ गुडघा ओलांडून वर सरकली. अनसूयेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय झालं, बाई?" गोमाजी घाबरला.

"काही नाही हो. वर्दी पोचली."

पळस फुलला. कळप पाण्यात उतरला. गोमाजी चौथा होता. पलीकडे पोचल्यावर त्यानं मागे वळून उजवा पाय उंच करून दाखवला. बिबट्यानं दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं.

आणि संस्थेत हलकल्लोळ उडाला. सूज गेली! आता संस्था कशाची? चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थात डॉक्टर बगळे. ते तळ्यात एका पायावर उभे राहिले. त्या पायाच्या बोटात शिंपल्याची कपची रुतली होती, तरी उभेच.

"सर, पाय हलवत राहा," आरोपी अनसूयेनंच सांगितलं. "हलला नाही की त्यात पाणी साचतं."

"अध्यक्ष हलत नसतात," डॉक्टर बगळे म्हणाले.

चौकशी एकवीस दिवस चालली. बाविसाव्या दिवशी निकाल आला. संस्थेची सूज विनापरवाना उतरवल्याबद्दल अनसूया चिचुंद्री निलंबित. शिवाय सदर सूज तिनं पंधरा दिवसांत पूर्ववत करून द्यावी.

निकाल वाचून डॉक्टर बगळे पाऊल उचलायला गेले. ते उचलेना. खाली पाहिलं तर काडीसारखा पाय दुधीभोपळ्यासारखा फुगलेला.

संस्थेत आनंदीआनंद! घोरपडीनं धावत वेल आणली, माप घेतलं. रानरेड्यानं हार घातला. कासवानं नोंदवही उघडली : 'सूज, नग एक, बगळ्याच्या पायासह.'

"अरे, हार कसले घालताय? ठणका लागलाय मला!" डॉक्टर बगळे ओरडले. "अनसूयाबाई, पीस आणा! लवकर!"

अनसूया खरंच पीस घेऊन धावली. रागावली होती ती, पण सुजलेला पाय दिसला की तिला राहवत नसे. घोरपड आडवी आली.

"बाई निलंबित आहेत. पायाला हात लावायचा तर अर्ज हवा."

"मी देतो परवानगी!" डॉक्टर बगळे कळवळले. "पाय माझा आहे!"

कासवानं सावकाश पानं उलटली. "सर, नियम एकेचाळीस."

"अरे, तो सांबरासाठी होता!"

"तसं लिहिलेलं नाही, सर. तुम्हीच म्हणालात, लवकर उरका."

अनसूयेनं तिथंच बसून अर्ज लिहिला. वर ठळक अक्षरांत 'तातडीचे' असं लिहिलं आणि तो कासवाच्या पाठीवर ठेवला. नियमाप्रमाणे अर्ज आधी कार्यालयात आवक होऊन मग तळ्यावर यायचा होता. कासव लगेच निघालं.

ते अजून वाटेत आहे. डॉक्टर बगळे अजून तळ्यात उभे आहेत, आणि येणारे पाहुणे म्हणतात, केवढं चिंतन!

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याच्या पायासाठी नियम खुशाल करावेत. फक्त ते करताना आपण एका पायावर उभं राहू नये.