जिन्यातलं इंग्रजी

गेर्लिंडे फ्लायडररने कानात इयरफोन खोचले. आतल्या इंग्रजीच्या बाईच्या हसऱ्या आवाजामागोमाग ती "आज आपण भूतकाळ शिकू या" पुटपुटते न पुटपुटते, तोच स्वयंपाकघरातून नवऱ्याची, रोलांडची, हाक आली.

"अगं, भूतकाळ मला विचार ना! त्या बाईला काय कळतंय?"

पॉडकास्ट सहा मिनिटांचा, पण या घरात सहा मिनिटं सलग मिळतील तर शपथ! रोलांड तरुणपणी कंपनीच्या कामाने इंग्लंडात लीड्सला राहून आला होता. तेव्हापासून घरातलं सगळं इंग्रजी त्याच्या मालकीचं. मुलाच्या, टिलमनच्या, साखरपुड्याला आयर्लंडहून विहीणबाई फोनच्या पडद्यावर आल्या. त्या गेर्लिंडेकडे बघून काहीतरी विचारत होत्या आणि उत्तरं रोलांड देत होता. गेर्लिंडेने नुसता हात हलवला. एकुलता एक पोरगा त्यांच्याकडे कॉर्कला कायमचा राहायला जाणार, आणि आईने काय नुसता हात हलवायचा? तेव्हाच तिने ठरवलं, दोन आठवड्यांनी शनिवारी या विहीणबाई, बर्नाडेटबाई, कॉफीला घरी येतील तेव्हा आपल्या तोंडाने बोलायचं.

शिकायला निवांत जागा मिळाली ती जिन्यात. जर्मनीतल्या एसलिंगनच्या त्या इमारतीत जिना दर आठवड्याला एका घराने झाडायचा-पुसायचा. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर लाकडी पाटी. पाटीवाला माणूस झाडत असताना त्याच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती, नवऱ्याचीसुद्धा. पाटी गेर्लिंडेच्या दारावर होती तोवर वर्तमानकाळ आणि जिना दोन्ही लख्ख झाले.

पण मग आठवडा संपला. पाटी समोरच्या फ्राऊ शॉयफेले या वयस्कर बाईंच्या दारावर गेली, आणि भूतकाळ राहिला अर्धा. सोमवारी गेर्लिंडे इयरफोन घालून जिन्यात आली. रिकाम्या हाताने उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून तिने झाडू घेतला. आणि हातात झाडू आहे म्हटल्यावर तो चालणारच की हो!

समोरचं दार उघडलं.

"फ्राऊ फ्लायडरर, हे काय चाललंय?"

"कुठे काय? काहीच नाही."

"हा माझा आठवडा आहे."

"हो हो, तुमचाच आहे."

"मग माझ्या जिन्यात काय राहिलं होतं म्हणे?"

"काही राहिलं नव्हतं हो! एकदम स्वच्छ होता."

"स्वच्छ होता आणि तरी झाडताय? म्हणजे मला आता दिसत नाही, असंच ना?"

"तसं नाही हो. मी इंग्रजी शिकतेय."

फ्राऊ शॉयफेलेंनी तिच्या हातातल्या झाडूकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. खरं बोलून काय मिळालं? त्यापेक्षा त्यांना दिसत नाही असं कबूल केलं असतं तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ शॉयफेलेंनी जिना साबणाने धुतला. कठडा वरून पुसला, मग गुडघ्यांवर बसून खालूनही पुसला. ते वरच्या मजल्यावरच्या हेर नेगेले या गृहस्थांनी पाहिलं आणि धावत येऊन गेर्लिंडेचं दार वाजवलं, कारण पुढचा आठवडा त्यांचा.

"एवढं करायचं असतं का?" त्यांनी गेर्लिंडेलाच विचारलं.

"मला काय विचारता? मी काही केलेलं नाही!"

"सुरुवात तुम्ही केलीत, असं फ्राऊ शॉयफेले म्हणाल्या."

झालं! हेर नेगेले आपला आठवडा यायच्या आतच पितळी टपालपेट्या घासायला बसले. फ्राऊ शॉयफेलेंना तोही आपलाच अपमान वाटला. त्यांनी पायऱ्यांना मेण लावलं, आणि एकदा लावून समाधान होईना म्हणून परत लावलं. जिन्यात सदानकदा कोणीतरी ओणवं. मग भूतकाळ शिकायचा कुठे? गेर्लिंडे तळघरात बटाट्यांशेजारी जाऊन बसली, तर तिथेही फ्राऊ शॉयफेले डोकावल्या.

"आता तळघरही का?" एवढंच म्हणून त्या वर गेल्या. शुक्रवारपर्यंत इमारतीत गेर्लिंडेला कोणी साधा नमस्कार घालेना.

शनिवार उजाडला. रोलांड क्रीम फेटत होता. गेर्लिंडे दारात उभी राहून पाठ केलेलं स्वागताचं वाक्य पुटपुटत होती. टिलमन आणि त्याची होणारी बायको नीव खाली गाडीतून सामान काढत होते. बर्नाडेटबाई फुलझाडाची कुंडी कवटाळून, हसत, पुढे एकट्याच जिना चढल्या. शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या असतील नसतील, मेणावरून पाय सटकला. बाई मटकन खाली बसल्या, कुंडी फुटली, माती सगळ्या जिन्याभर.

गेर्लिंडेच्या डोक्यातलं वाक्य साफ पुसलं गेलं.

"अरे देवा, माफ करा हं," बर्नाडेटबाई इंग्रजीत म्हणाल्या. लागलं नव्हतं, पण बिचाऱ्या ओशाळल्या. फ्राऊ शॉयफेलेंच्या दाराशी झाडू उभा होता. तो बर्नाडेटबाईंनी उचलला आणि चांगल्या घरच्या बाईसारख्या त्या माती झाडू लागल्या. फ्राऊ शॉयफेलेंच्या आठवड्यात! फ्राऊ शॉयफेलेंच्या झाडूने! आतून कडी वाजली.

"ठेवा तो झाडू! आधी खाली ठेवा!" गेर्लिंडे इंग्रजीत ओरडली. पार तळघरापर्यंत ऐकू गेलं.

बर्नाडेटबाईंच्या हातून झाडू सुटला. नव्या विहिणीला उद्देशून आपण उच्चारलेलं पहिलं वाक्य हे, असं मनात येऊन गेर्लिंडेला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"बाई गं!" बर्नाडेटबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "अशी तर माझी आईसुद्धा ओरडली नाही कधी." आणि त्या पायरीवर बसून पोट धरून हसायला लागल्या.

गेर्लिंडेला शब्द न् शब्द कळला. ती तिथेच मातीत त्यांच्या शेजारी बसली आणि पाटी, मेण, तळघर, सगळं इंग्रजीत सांगत सुटली. काळ कुठला लागत होता ते तिचं तिला ठाऊक! रोलांड चमचा घेऊन धावत आला.

"थांब, मी समजावून सांगतो."

"तू क्रीम फेट."

फ्राऊ शॉयफेले उंबऱ्यात उभ्या होत्या. "सांगा या बाईंना," त्या कडाडल्या, "पाहुणी असाल तर आपल्या घरी! कोपरे सोडून मधल्यामधे झाडणाऱ्या बायका या जिन्यात मी खपवून घ्यायची नाही!"

"काय म्हणतायत त्या?" बर्नाडेटबाईंनी विचारलं. रोलांडला नाही, गेर्लिंडेला.

गेर्लिंडेने पदर झटकावा तसा पुढचा एप्रन झटकला आणि शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "म्हणतायत, तुम्ही आलात, फार फार बरं वाटलं."

बर्नाडेटबाईंचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि त्यांनी फ्राऊ शॉयफेलेंना मातीच्या हातांनी घट्ट मिठी मारली. फ्राऊ शॉयफेलेंना त्या जिन्यात कोणी कधी शिवलंही नव्हतं. त्या काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. जरा वेळाने त्यांनी एक हात हळूच पाहुणीच्या पाठीवर ठेवला.

"काय सांगितलंत हो हिला?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच," गेर्लिंडे म्हणाली आणि केराची सुपली आणायला आत गेली.