चौथी बाजू

डॉक्टरकीच्या तोंडी परीक्षेला दोन तास उरले होते आणि केकवाल्याची मुलगी टेबलावर डोकं टेकून बसली होती. हृदयाच्या एका ठोक्यात दाब आणि रक्त कसं बदलतं हे दाखवणारी चार बाजूंची आकृती तिला तोंडपाठ होती, फक्त समजत नव्हती. याच आकृतीवर ती दोनदा नापास झाली होती. आजची संधी शेवटची.

"दाब वाढतो, पण आतलं रक्त तेवढंच राहतं. असं कसं हो, बाबा?"

केकवाल्याने कापडी पिशवीत चॉकलेटचं क्रीम भरलं, वरचं तोंड पिळून धरलं आणि खालच्या नोझलवर अंगठा ठेवला. "दोन्ही दारं बंद. आता दाबतो. क्रीम कमी झालं?"

"नाही."

"पण आत जोर वाढला. आता अंगठा काढतो." क्रीम सुळकन ताटलीत उतरलं. "झाला तुझा ठोका."

"अय्या. परत दाखवा ना."

तिथेच घात झाला. लेकीला कळतंय म्हटल्यावर बापाला चेव आला. अंगठा काढायचं विसरून तो दाबतच राहिला आणि पिशवी शिवणीत उसवली. सगळं क्रीम तिच्या इस्त्रीच्या, एकुलत्या एक पांढऱ्या कोटावर. ओल्या फडक्याने पुसलं, तर डाग खिशापासून कॉलरपर्यंत पोचला. शेवटी त्याने दुकानातला स्वतःचा पांढरा कोट तिच्या अंगावर चढवला. त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"बाबा, भरणं, दाबणं, सोडणं झालं. चौथी बाजू राहिली."

"राहू दे. पळ आता."

ती गेली. आपणच पोरीचं वाटोळं केलं, या विचाराने त्याने दुपारभर अंड्यांची टरफलं भांड्यात आणि अंडी कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. केकवाल्याने मूठ आवळली.

"कोटाच्या खिशात तुमची जुनी पिशवी निघाली, नोझलसकट. मी परीक्षक मॅडमचा गार झालेला चहा तिच्यात ओतला."

"देवा."

"अंगठा ठेवून दाबायला लागले, तर त्याच म्हणाल्या, अगं अंगठा सोड, नाहीतर फुटून अंगावर उडेल. तीन बाजू बरोबर आल्या. पास केलं त्यांनी."

"आणि चौथी?"

"ती मॅडमनी सांगितली. दारं दोन्ही बंद, पकड सैल. दाब उतरतो, पण आत लगेच काही येत नाही. मग वरचं दार उघडतं, आणि भरायला लागतं."

केकवाल्याने आवळलेली मूठ सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे भरून आले.

"हां," मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आत्ता समजली मला."