जवसाचं तेल आणि पुंजाजी मिस्त्री

सातवी पास मुलीनं करू नये असा एक गाढवपणा मी केलेला आहे. नणदेला बघायला पाहुणे येणार म्हणून आमच्या घरात पहिल्यांदाच खुर्च्या आल्या. त्या जास्त चमकाव्यात म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरातलं, चटणीवर घ्यायचं कच्चं जवसाचं तेल वाटीवाटीनं पाजलं. नातसुना हे ऐकून खो खो हसतात. हसा बायांनो. पण हा गाढवपणा केला नसता तर पुंजाजी मिस्त्री मला कळलाच नसता.

मेहकरात खुर्च्या करणारा हा माणूस जन्मात कधी खुर्चीवर बसला नाही. दुसरं कोणी बसलं तरी त्याचा जीव वरखाली होई. गिऱ्हाईक दुकानात टेकू लागलं की हा रंधा टाकून धावे, "थांबा बाप्पा, हळू बसा! लाकडाचा काही भरोसा नाही." गिऱ्हाईक दचकून उभं राही. मग हाच चिडे, "उठले काऊन? मजबूत हाय ना!"

त्याचे आजे-पणजे नांगर, तिफणी, बैलगाड्या करत. पुढे महाराष्ट्र नवा झाला, गावोगाव शाळा-कचेऱ्या निघाल्या आणि नांगर करणाऱ्या हातांवर टेबल-खुर्च्या करायची पाळी आली. हात शिकले, पण पुंजाजीचं काळीज काही शिकलं नाही. म्हणे, "नांगर मोडला तं वावरात मोडते, बैलाशिवाय पाहाले कोनी नसते. खुर्ची मोडली तं चार मानसात मोडते!"

बुलढाण्याच्या एका कचेरीला त्यानं लांब बाक करून दिला होता. काही दिवसांनी हा यष्टीनं बुलढाण्याला गेला आणि दिवसभर त्या बाकासमोर उकिडवा बसून राहिला. शिपायानं विचारलं, "तुमचा खटला कोनता बुवा?"

"खटला नाही साहेब. बाक हाय माहा."

बरं, भित्रा म्हणावा तर नाव ठेवलेलं मुळीच खपत नसे. एका म्हातारबुवांनी बाजारात तक्रार केली, "पुंजाजी, तुह्या पलंगाची करकर होऊन राह्यली बे." झालं! हा त्यांच्या घरी जाऊन अख्खी दुपार पलंगाखाली पडून राहिला. करकर पलंगाची नसून म्हातारबुवांच्या गुडघ्यांची आहे, हे ठरल्यावरच बाहेर निघाला. पुढच्या बाजारी ते गुडघे गावभर झाले.

अशा माणसाकडून आमच्या खुर्च्या आल्या. मी तेव्हा पिंपळगाव राजाहून मेहकरात नवी नवी सून होऊन आले होते. अक्कल सातवीच्या दाखल्याबरोबर मिळते असा माझा समज होता. नणदेचं, शांतावन्संचं, याआधी दोन ठिकाणी फिसकटलेलं. आताचा मुलगा बुलढाण्याला कारकून. सासूबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, "या खेपेले काही इकडचं तिकडं झालं तं पाय सूनबाई!" त्या 'पाय'च्या, म्हणजे 'बघ'च्या, पुढे काय, ते त्या कधी सांगत नसत. त्यामुळे मला रात्र रात्र झोप येत नसे.

खुर्च्या ठेवून जाताना पुंजाजी म्हणाला होता, "सालातून एकडाव तेलाचं फडकं फिरवजा. कोरडं करून पुसून घेजा." मी विचार केला, सालातून एकदा फडकं फिरवून चमक येते, तर रोज वाटीभर पाजल्यावर काय होईल! आठवडाभर सगळ्यांचा डोळा चुकवून मी तेल चोपडत होते, वरून चादर झाकत होते. पुसायचं मात्र नाही. पुसलं तर चमक जाईल ना!

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी चादर ओढली तर ती निघेना; कशीबशी सोलून काढली. दिवस चैत्राचे. उन्हानं तेलाचा पार चीक झालेला. बोट लावलं की बोट चिकटे. सांगायचं कोणाला? सासूबाई पोह्यांत, शांतावन्सं आरशात. मग मला दुसरी अक्कल सुचली. लग्नातला पावडरीचा डबा काढला आणि खुर्च्यांना पावडर फासली. नवरीपेक्षा त्याच जास्त गोऱ्या दिसायला लागल्या.

पाहुणे आले. मुलाचे वडील आबाजी म्हणजे चांगलं तीन मणांचं पोतं. पांढरंशुभ्र धोतर. ते खुर्चीकडे निघाले आणि मी दाराआड डोळे मिटले. उघडते तो ओट्यावर पुंजाजी! न बोलावता आलेला, कमरेत वाकून खुर्चीच्या पायांवर नजर लावून बसलेला. त्याला धास्ती खुर्ची मोडते की काय याची. मला धास्ती ती सोडते की नाही याची. आबाजी हसले की तो खुर्चीचे पाय बघे आणि मी धोतर बघे. पोहे झाले, चहा झाला, शांतावन्सं येऊन पाया पडून गेल्या. आबाजी काही उठेनात. जितका वेळ बसतील तितकं घट्ट होणार. मी मनात सगळ्या देवांना नारळ बोलत होते.

"बरं, येतो मंग," म्हणत आबाजी उठले. खुर्चीही उठली.

दोघं तसेच दोन पावलं चालले. मग चर्र आवाज झाला, खुर्ची खाली पडली आणि धोतराचा मागचा तुकडा तिच्यावरच राहिला.

सासूबाईंची मान हळूहळू माझ्याकडे वळली. पुंजाजी ओट्यावरून आत आला. त्यानं खुर्चीच्या हाताला बोट लावलं, बोट हुंगलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मालक, माही चूक हाय," तो हात जोडून आबाजींना म्हणाला. "तेल मी लावलं. घाईत पुसाचं राह्यलं."

एका करकरीसाठी पलंगाखाली झोपणारा माणूस हे चार माणसांत, स्वतःच्या तोंडानं म्हणाला.

आबाजींनी मागे हात लावून पाहिला आणि गदगदून हसले. "मिस्त्री, खुर्ची मजबूत हाय बाप्पा! या घरची खुर्चीच आमाले सोडत नाही, तं आमी पोरगी कशी सोडू?"

शांतावन्संचं जमलं. पुंजाजीचं नाव मात्र 'डिंक्या मिस्त्री' पडलं. पोरं दुकानावरून जाताना ओरडत, "ओ डिंक्या, धोतर शिवून देता काय?" दोन-तीन लग्नांची कामं दुसऱ्या सुताराकडे गेली.

मला अन्न गोड लागेना. एका बाजारी, पोळपाटाचा पाय हलतो असं सांगून मी त्याच्या दुकानी गेले. म्हटलं, "मिस्त्रीबाबा, मी आज सासूबाईंना खरं काय ते सांगून टाकते."

तो पोळपाट उलटा करून बघत राहिला. पाय हलत नव्हता, हे त्याला कळलंच होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"काही सांगू नको माय. माही सुभद्रा मलकापुराकडं देल्ली हाय. लगन झालं तवापासून तिच्या सासरच्यायनं तिले एकडावबी धाडलं नाही. तीबी तुह्यासारखीच धांदरट. तेथिसा तिच्या हातून काही सांडत-फुटत असन, तवा कोनीतरी पुढं होऊन म्हनत असन ना, 'हे मी केलं' म्हनून?"