चेंडूची टिकली

सिंधूमावशी बोलिंगच्या चेंडूला टिकली लावतात. गंमत नाही, खरंच! लोणावळ्यातल्या आमच्या रिसॉर्टात जड चेंडू घरंगळवून टोकाच्या पिना पाडायचा खेळ आहे. तिथे मी तिकिटं फाडते आणि वलवण गावच्या मावशी पाहुण्यांना बूट देतात. कुणी बरा खेळणारा आला की मावशी चेंडू पुसून त्यावर सोनेरी कडेची टिकली चिकटवतात, मोबाइल स्लो मोशनवर धरतात आणि मग एकेक चित्र सरकवत बसतात.

"सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. टिकली वर आल्यापासनं परत वर यायला साठ लागली. म्हंजी सेकंदाला चार गिरक्या, मिनटाला दोनशे चाळीस. हां, कितीचा बूट?"

बूट मागणारा तोवर ताटकळलेला असतो. मोजून झालं की टिकली बुटांच्या फळीवर जाते. फळी नुसती भरलीय.

"साधी चिकटपट्टी लावा की," मी कितीदा म्हटलं.

"पट्टी उठून दिसत न्हाई गं."

मावशींचं स्वतःचं कपाळ मात्र मोकळं. यजमान गेले तेव्हा बायकांनी टिकली काढली, ती काढलीच. दहा वर्षं झाली.

परवा एक साहेब गिरक्या मोजायचं यंत्र विकायला आले. "जे चमकेल ते हे मोजतं!" म्हणत त्यांनी चेंडूला चकचकीत पट्टी लावली आणि टाकला. यंत्र म्हणालं, चारशे ऐंशी.

मावशी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "खोटं हाय. दोनशे चाळीस."

मॅनेजर खवळले. "मावशी, चुकलात तर आजपासून हे टिकल्यांचं खूळ बंद!"

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आता गप्प बसतील. कसल्या बसतायत! चेंडू आणून साहेबांपुढे फिरवला.

"ही तुमची पट्टी. आन ही पल्याड माझी सकाळची टिकली, काढायची ऱ्हायलेली. यंत्रानं दोनी मोजल्या, साहेब!"

मावशींनी टिकली काढली आणि साहेबांनी चेंडू पुन्हा टाकला. मावशींनी पट्टीवरून मोजलं, दोनशे चाळीस. यंत्र म्हणालं, दोनशे एकेचाळीस.

"वरची एक तुमाला ठिवा," मावशी म्हणाल्या.

अख्खा हॉल टाळ्या पिटत होता, मॅनेजरसुद्धा. मी तर शिट्टीच मारली. काढलेली टिकली मावशींच्या बोटावर तशीच होती. हात सवयीनं फळीकडे गेला आणि थांबला. त्यांनी मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि टिकली कपाळाला लावली.

इतकी वर्षं ही बाई बाजारातून निवडून निवडून सोनेरी कडेच्याच टिकल्या का आणत होती, ते मला मठ्ठ बाईला आत्ता कळलं.

"मधोमध हाय का गं?"

"अगदी मधोमध, मावशी."