चौथ्या पाटावरची बकरी

"नोरीनबाई, तुम्ही निवांत चहा प्या. आभाळ कोसळलं तरी माझा बोर्ड चुकायचा नाही!"

डेस टिलयार्डनं हे अख्ख्या समितीसमोर सांगितलं, तेही छाती फुगवून. टास्मानियातल्या ब्रॅकन क्रीकच्या जत्रेचे निकाल दाखवायला मैदानात दिव्यांचा नवा बोर्ड उभा राहिला होता. त्याच्या मागे डब्याएवढा संगणक, आणि त्यातला सी भाषेतला प्रोग्राम डेसनं एकट्यानं लिहिलेला.

अध्यक्षा नोरीन गेटनबी मेंढ्यांना आणि माणसांना एकाच शिस्तीत ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आज नीट चालला तर कायमचा ठेवू. नाहीतर संध्याकाळी उचलून घरी ने."

डेसची युक्ती मात्र खरंच छान होती. ती आपण पंगतीवरून समजून घेऊ. साधा प्रोग्राम दर नावासाठी संगणकाकडे वेगळी जागा मागतो आणि काम झालं की परत करतो. म्हणजे दर पाहुण्यासाठी माळ्यावरून एक पाट काढा, तो उठला की पाट पुन्हा माळ्यावर टाका. यजमानाचं कंबरडंच मोडायचं! डेसनं काय केलं? सकाळीच एक मोठी जागा घेतली आणि तिच्यात सारखे पाट मांडून टाकले. स्पर्धक आला की बसव पुढच्या रिकाम्या पाटावर. स्पर्धा संपली की सगळी पंगत एकदम उठवायची आणि पुढची बसवायची. ना धावपळ, ना पसारा!

एकच गोष्ट तो विसरला. लाकूडतोडीच्या अंतिम फेरीत पोचलेल्या चौघांची नावं त्यानं उतरवून घेतलीच नाहीत. नुसतं टिपून ठेवलं, "हा गडी चौथ्या पाटावर." अंतिम फेरी होती जेवणानंतर. मधल्या वेळात झाली बकऱ्यांची स्पर्धा. बकऱ्या कुठं बसल्या असतील, ओळखा पाहू!

दुपारी चार ओंडके उभे राहिले. शेवटच्या ओंडक्यापाशी केल्विन स्प्राउल, दंड असे की दुसऱ्याच्या मांड्या वाटाव्यात. सगळ्यात ताकदवान असून बिचारा दरवर्षी दुसरा यायचा. कारण तिथली रीतच तशी! पुकारणारा मर्व्ह आकडे मोजतो, ज्याचा आकडा येईल त्यानं पहिला घाव घालायचा; कच्च्याला सवलत म्हणून लहान आकडा, ताकदवानाला मोठा. कच्च्या गड्याला तीनलाच सुटका, केल्विनला मात्र तीसपर्यंत कुऱ्हाड धरून तिष्ठत बसायचं.

मर्व्हला बोर्डावर येईल ते खणखणीत वाचायची सवय. त्यानं वाचलं, "चौथ्या ओंडक्यावर क्लोव्हर! रंग पांढरा, स्वभाव गरीब, कास भरदार!"

केल्विननं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं.

"केल्व्या, दूध किती देतोस रे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि मैदान हसून लोळायला लागलं.

पण खरी गंमत पुढंच होती. पाटावर नावाशेजारी आकडा असायचा. गड्याचा असेल तर कुऱ्हाड सोडायचा, बकरीचा असेल तर वयाचा, आणि बोर्डावर दिसेल तोच आकडा गड्यांनी पाळायचा! मर्व्हनं "दोन" म्हटलं आणि केल्विनची कुऱ्हाड सुटली. बाकीचे तिघं तीनला, कारण त्यांच्या पाटांवरच्या बकऱ्या वर्षानं मोठ्या. त्याच्या ओंडक्याचे दोन तुकडे पडले तेव्हा बाकीच्यांचे घाव अर्ध्यावर होते.

"मी पहिला आलो!" केल्विन लहान पोरासारखा नाचला.

"अरे, आमची सवलत कुणी खाल्ली?" बाकीचे तिघं कुऱ्हाडींसकट डेसकडे निघाले.

डेस संगणकाकडे पळाला. त्यानं घाईघाईत पंगत उठवली. झालं! रिकाम्या पाटांवर लगेच मुरांब्यांची स्पर्धा येऊन बसली.

"लाकूडतोडीचा विजेता," मर्व्ह गरजला, "रुबार्बच्या देठांचा घरगुती मुरांबा! जरा आंबट, पण चिकटपणा उत्तम!"

"आंबट कुणाला म्हणतोस रे?" केल्विन गुरगुरला.

नोरीनबाई आल्या. "डेस, टेम्पो आणू का?"

"बाई, फक्त दहा मिनिटं!" डेस काकुळतीला आला. तो संगणकापुढं मांडी घालून बसला. पाटाचा नंबर नको, आता माणसाचं नाव आणि आकडा नीट उतरवून घ्यायचा, मग खुशाल पंगत उठू दे! चौघांची माहिती त्यानं नव्यानं भरली. नोरीनबाईंनी नवे ओंडके ठोकायला लावले आणि फेरी पुन्हा झाली. बोर्ड अगदी शहाण्यासारखा वागला. नावं बरोबर, आकडे बरोबर. केल्विन तीसपर्यंत तिष्ठला आणि दुसरा आला.

"चांगला चालतोय की," नोरीनबाई म्हणाल्या. "ठेवू आपण बोर्ड."

डेसची छाती पुन्हा फुगणार, एवढ्यात त्याच्या खांद्यावर एक जड हात पडला. मागं केल्विन उभा. एका हातात दुसऱ्या नंबरची फीत, दुसऱ्या हातात कुऱ्हाड.

"डेस," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "पुढच्या वर्षी हा बोर्ड नीटच चालला पाहिजे, असं काही आहे का?"

डेसनं कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"छे छे!" तो म्हणाला. "तसं काहीच नाही!"