पेशंट हजर आहे

परचुरे डॉक्टर झोपलेल्या माणसांशी बोलत. ती माणसं त्यांनीच झोपवलेली असत. ते भुलीचे डॉक्टर, आणि ऐंशीच्या सुमाराला महाडच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी नर्स होते, तिथे ऑपरेशन असलं की त्यांना बोलावणं जाई. इकडे सर्जन पोट उघडतायत आणि हे पेशंटच्या कानाशी वाकून विचारतायत, "काका, ऐकू येतंय का? येत असेल तर माझं बोट दाबा."

त्यामागे शास्त्र होतं. ऑपरेशनसाठी अंग सैल पाडायचं औषध दिलं की माणसाला पापणीही हलवता येत नाही. झोपेचं औषध कमी पडून तो जागा राहिला, तर सांगणार कसा? म्हणून अंग सैल पाडायचं औषध टोचण्याआधी परचुरे एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा करकचून आवळत. औषध त्या हातात उतरत नसे, तेवढा हात हलता राही. हे त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. सर्जनच्या मते भुलीच्या डॉक्टरांनी मासिकं वाचूच नयेत.

थिएटरात गप्पांना बंदी. सर्जननी एकदा पेशंटच्या चरबीवरून काही म्हटलं, तर परचुरे वर न बघता म्हणाले, "पेशंट हजर आहे." मी नुसती गुणगुणले तरी तेच ऐकायला मिळे.

बाहेरही खोड जाईना. एस.टी.त शेजारचा डुलक्या घेऊ लागला की हे त्याच्या पापण्या निरखत. औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेल्या एका कामगाराची तर नाडीच धरून बसले. त्याला जाग आली आणि वाटलं, हा माणूस आपलं घड्याळ काढतोय. पोलादपूर येईपर्यंत भांडण मिटत नव्हतं, आणि परचुरे कंडक्टरला सांगत होते की झोप मात्र यांना उत्तम लागली होती.

मग अनसूयाबाई आल्या. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतल्या. पोटात गाठ होती, काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, पण बाई टेबलावर चढायला तयार नव्हत्या. आधी मुंबईत एक ऑपरेशन झालं होतं, तेव्हा आपण जाग्या होतो म्हणत. नवरा कंटाळून गेला होता. तिला भास होतात, भगताकडेही नेऊन आणली, असं त्याचं म्हणणं.

परचुऱ्यांनी स्टूल ओढलं आणि काय ऐकलं ते विचारलं.

"डॉक्टर पोरीच्या लगनाचं बोलत होता," बाई म्हणाल्या. "मला समदं कळत होतं. सुरीपन कळत होती. वरडायला गेले, तं तोंड माझं नाय."

ऐकलंत ना, अशा तोंडाने नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मीही त्याच्यासारखंच तोंड केलं असणार. परचुऱ्यांनी स्टूल नवऱ्याकडे वळवलं. मग त्याला म्हणाले, "या खरं बोलतायत. माझ्या पहिल्या नोकरीत एक बाई हेच सांगायला आली होती. मीच भूल दिली होती तिला. मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. ती पुढे काही बोललीच नाही."

मला माझ्या चेहऱ्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाई आपल्या पायांनी टेबलावर गेल्या. परचुऱ्यांनी कितीतरी वेळा कानाशी वाकून विचारलं. बोट दाबलं गेलं नाही. सर्जनही त्या दिवशी मुकाट्याने काम करत होते.

बाई शुद्धीवर येताच परचुऱ्यांनी पुन्हा विचारलं, काही आठवतंय का? काही नाही. संध्याकाळी तेच विचारलं. सकाळी मी ड्रेसिंग करत होते, तर हे परत खाटेपाशी आले. संकोच करू नका, खरं असेल ते सांगा.

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मला खरंच काय कळलं नाय, डॉक्टर. आता त्या दुसऱ्या बाईला जाऊन सांगा, तुझं खरं होतं म्हनून."

परचुरे खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले.

"कुठे शोधू हो तिला," ते म्हणाले. "मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं."